समुद्राने ते हृदय स्वतःच का नेलं नाही? ॲनिमेशनपटांतल्या फटी आणि खलनायकांची अक्कल

सुरंगी :
परवा दुपारी दोनला लाईट गेले ते रात्री नऊपर्यंत आलेच नाहीत. आषाढातला पाऊस, तोही गुहागरकडचा, म्हणजे नवल काहीच नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती आणि त्यात हिंदीतला 'मोआना' होता. मावी या अर्धदेवाने टे फिटी देवीचं हृदय चोरलेलं असतं, ते परत द्यायला समुद्र बेटावरच्या मोआनाला निवडतो, ती गोष्ट. माजघरात सतरंजी घालून मी, चौथीतली लेक आणि सासूबाई अशा तिघी बसलो.

लेकीला होडी दिसताक्षणी ओळखू आली. "आई, उलांडी बघ!" होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या काठ्यांनी जो ओंडका बांधतात ती उलांडी. आमच्या खाडीत अजून दोन-तीन होड्यांना आहे. पुढे त्या बेटावरचे नारळ आतून काळे निघायला लागले तशा सासूबाई सावरून बसल्या. "शेंड्यात बघा म्हणावं, भुंगा असेल." त्यांचा सिनेमा तिथून सुरू झाला.

संपल्यावर लेकीने विचारलं, "समुद्राला एवढं सगळं येतं. ती लहान असताना तो तिच्यासाठी बाजूला होतो, होडीतून पडली की उचलून परत ठेवतो. मग ते हिरवं हृदय त्यानेच का नेऊन दिलं नाही? तिला कशाला पाठवलं?" मी म्हटलं, "मग सिनेमा कसा झाला असता?" तिचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मला दोन दिवस दिसतोय. तिने प्रश्न मनापासून विचारला होता आणि मी तो टोलवला.

म्हणून हा धागा. मोआनाचं उत्तर तर हवंच आहे, शिवाय तुम्हाला सापडलेल्या अशा फटीही लिहा. माझं मत आधीच सांगते: खलनायक मूर्खासारखा वागला तर ती कथेतली फट नव्हे. सिनेमाने स्वतःच घालून दिलेला नियम स्वतःच मोडला की ती फट. सगळ्यांनी शेवट उघड करून लिहायला हरकत नाही.

बांगडा :
सुरुवात मी करतो. 'सिंड्रेला', १९५०. बाराचे ठोके पडल्यावर सगळं पूर्ववत होतं. बग्गीचा भोपळा, घोड्यांचे उंदीर, झग्याच्या चिंध्या. काचेचा बूट तेवढा राहतो. हा तुमच्या व्याख्येतला नियमभंग. लहानपणापासून सलतोय.

पाणंद :
बांगडा, यावर आमच्या घरी दोन दिवस खल झालाय. बाकी प्रत्येक गोष्ट आधीच्या कशापासून तरी केलेली आहे. भोपळा होता त्याची बग्गी झाली, घोडा होता त्याचा गाडीवान झाला, कुत्रा होता त्याचा चाकर. फाटका झगा होता, त्याचाच नवा झाला. बूट मात्र कशापासून केलेले नाहीत, परीने ते नव्याने आणले. ज्याला मूळ रूपच नाही त्याने परतायचं कुठे?

बांगडा :
पण परी म्हणते की सगळं आधी होतं तसं होईल. आधी तिच्या पायात काचेचे बूट नव्हते. म्हणजे 'आधी होतं तसं' व्हायला बूट नाहीसे व्हायला हवेत. तुमचा युक्तिवाद सुंदर आहे, पण तो तुमचा आहे, सिनेमाचा नाही.

पाणंद :
हे मान्य करावं लागेल.

चौकट राजा :
लहान मुलांचे सिनेमे आहेत हो. एवढा कीस कशाला काढायचा? गंमत म्हणून बघावं.

सुरंगी :
चौकट राजा, लहान मुलं लगोरी खेळताना बघा. रेषेवर पाय पडला की नाही यावर अर्धा तास भांडतात. नियमाच्या बाबतीत त्यांच्याइतकं कडक कोणी नाही. कीस आम्ही काढत नाही, मुलं काढतात आणि आपण उत्तर देत नाही.

कातळ :
सुरंगीताई, अगदी बरोबर.
माझी फट: 'द लिटल मर्मेड', १९८९. जलपरी एरियल माणूस होण्यासाठी समुद्रातल्या चेटकिणीकडे आवाज गहाण ठेवते, तीन दिवसांत राजपुत्राकडून खऱ्या प्रेमाचं चुंबन मिळवायचं असतं. बोलता येत नाही म्हणून सगळं अडतं. पण करारावर तिने सही केलेली आपण बघतो, स्वच्छ अक्षरात. मग राजवाड्यात कागद मागून 'मीच तुला वाचवलं' एवढं लिहायला काय झालं? एका ओळीचं काम होतं.

आबोली :
कातळ, सही करता येणं म्हणजे लिहिता येणं नव्हे. माझी आजी दाभोळची. पेन्शन घ्यायला बँकेत जायची तेव्हा मी बरोबर असायचे. आदल्या दिवशी दुपारी ती पाटीवर नाव गिरवायची. पेन मुठीत धरायची, जीभ दाताखाली, आणि नावातल्या 'क्ष'ला हमखास थांबायची. एकेक अक्षर म्हणजे तिच्या दृष्टीने एकेक चित्र होतं. बँकेत सही जुळली की कारकून म्हणायचा, "आजी, अक्षर छान आहे हो." अक्षर खरंच छान होतं. पण त्याच आजीला मुंबईच्या मुलाला 'खुशाल आहे' एवढं पत्र लिहायचं असलं की ती शेजारच्या मास्तरांकडे जायची.

आणि लिहिता आलं तरी लिपीचं काय? आमच्या पणजोबांचे कागद मोडीत आहेत. घरात चार पदवीधर आहेत, एकालाही वाचता येत नाहीत. समुद्राखाली काय लिपी शिकवत असतील कोण जाणे.

तिरफळ :
आबोली, आजीचं वाचून डोळे भरले. पण वाद घालतेच. एरियल राजाची मुलगी आहे, मास्तरांकडे जायची वेळ तिच्यावर का यावी? शिवाय करारावर तिचं नाव आपल्याला वाचता येईल अशा लिपीत उमटतं, म्हणजे लिपीचा मुद्दा सिनेमाने स्वतःच निकालात काढलाय.
मात्र तिच्या बाजूने एक सांगायला हवं. ती गप्प बसलेली नाही. किनाऱ्यावर राजपुत्र एरिकला वाटतं की हीच ती, तो नाव विचारतो, आवाज नाही म्हटल्यावर तोच म्हणतो की मग तू ती नव्हेस. तेव्हा ती हातवारे करून सांगायला बघते आणि तोल जाऊन पडते. म्हणजे दिग्दर्शकांना हा प्रश्न सुचला होता. त्यांनी खुणांचं दार दाखवलं आणि कागदाचं दार झाकून टाकलं.

रापणकार :
माझं म्हणणं उर्सुलाबद्दल, म्हणजे त्या चेटकिणीबद्दल. लोक म्हणतात की तिने नुसता आवाज घेऊन पोरीला हाकलायचं, कशाला तीन दिवसांचा खेळ? पण तिला पोर नकोच आहे. तिला पोरीचा बाप हवाय, त्याचा त्रिशूळ हवाय. पोर गळाला लावलेली आहे. मोठा मासा धरायचा तर आमिष जिवंत लागतं, हलतं लागतं. आणि चुंबन होईलसं दिसलं तशी ती स्वतः रूप पालटून, एरियलचाच आवाज घेऊन आली. गळ टाकून झोपी गेली नाही. मला ती या सगळ्यांत सगळ्यात हुशार वाटते.

बांगडा :
रापणकारांचा प्रतिसाद म्हणजे उर्सुलाला मिळालेलं प्रमाणपत्र :)

ओहोटी :
'स्लीपिंग ब्युटी', १९५९. शाप असा की सोळाव्या वाढदिवशी सूर्य मावळायच्या आत चातीचं टोक बोटाला टोचणार. तीन पऱ्या मुलीला रानात सोळा वर्षं लपवतात, जादूची कांडी बाजूला ठेवून. इतकं तप केल्यावर शेवटच्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी तिला वाड्यात आणतात! एक तास थांबायचं होतं. आमच्याकडे भरती उतरायला अर्धा तास असेल तर अर्धा तास बसून राहतात, बिड्या ओढतात, गप्पा मारतात, पण खाडीत पाय घालत नाहीत. हे शहाणपण पऱ्यांना नसावं?

आणि शाप देणाऱ्या मॅलेफिसंटची माणसं! तिने त्यांना मुलीला शोधायला धाडलं. सोळा वर्षं ते पाळणे तपासत राहिले. मुलगी मोठी होते हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. तिने मध्ये एकदाही विचारलं नाही, सोळा वर्षांनी विचारलं.

पाणंद :
ओहोटी, पाळणे ही फट नाही. दरारा इतका की समोर जाऊन 'आता काय शोधू' विचारायची कोणाची छाती नाही. सांगितलं तेवढं करायचं, विचारायचं नाही. अशा माणसाच्या हाताखाली मी पाच वर्षं काम केलंय. कुठे ते सांगत नाही. आम्हीही रिकामे पाळणे तपासत होतो.

तिरफळ :
मॅलेफिसंटच्या रागाबद्दल सगळे विचारतात की बारशाला बोलावलं नाही एवढ्यावरून कोणी तान्ह्या पोरीला मरणाचा शाप देतं का? कोकणातल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. शिमग्याला पालखी आधी कोणाच्या अंगणात थांबायची यावरून पिढ्यान् पिढ्या न बोलणारी घरं मी पाहिली आहेत. लग्नाची अक्षत घरी येऊन दिली नाही, नुसती पत्रिका पाठवली, म्हणून सख्खे काका मांडवात आले नाहीत. मानपान हे कारण पुरेसं आहे. उलट राजाराणीचंच मला नवल वाटतं. गावात एक जण शापाला पक्की, हे ठाऊक असताना तिलाच वगळलं.

धयकालो :
माझो आजो दशावतारात राक्षसाचा काम करी. तेका मी लहानपणी विचारलेलंय, "आजा, राक्षस दरवेळी हरता, तरी तेका अक्कल कशी येणा नाय?" आजो म्हणालो, "राक्षस येडो नसता, माजलेलो असता."

मालवणी न येणाऱ्यांसाठी पुढचं नेहमीच्या मराठीत लिहितो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. पुराणातलं आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, बाकी संवाद रंगमंचावर. हार्मोनियम, पखवाज आणि झांजेच्या साथीने रात्रभर चालतं. त्यामुळे कथेत फट दिसली तर ती बुजवणं नटाच्या हातात. आजा सांगायचा, एकदा एका जत्रेत पुढ्यात बसलेल्या म्हातारीने मोठ्याने विचारलं, "अरे, तेका आताच मार मगे, थांबतस कित्या?" देव समोर निःशस्त्र उभा होता. आजा क्षणभर थांबला, मग तिच्याकडे वळून म्हणाला, "म्हातारे, मारीन तर आता मारीन. पण मेलेल्याक कळाचा नाय कोणी मारल्यान. तेका आधी माझ्या पायाशी बघूचो आसा." जत्रेत टाळ्या पडल्या. सिनेमातला खलनायक नायकाला बांधून भाषण का ठोकतो याचं याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही. त्याला नुसतं जिंकायचं नसतं, जिंकलेलं समोरच्याने बघायला हवं असतं.

कातळ :
धयकालो, हा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.
तुमच्या आजोबांचा नियम 'द लायन किंग'ला (१९९४) लावून पाहिला. गादी बळकावलेला काका स्कार शेवटी पुतण्या सिंबाला कड्यावर लोंबकळता ठेवतो आणि कानात सांगतो की तुझ्या बापाला मीच मारलं. गप्प राहिला असता तर राजा राहिला असता. पण त्याला सिंबाच्या डोळ्यांत ते बघायचं होतं. म्हणजे ही फट नाही.

आबोली :
आणि 'कोको'मधला (२०१७) गायक एर्नेस्तो! मित्राला विष घालून त्याची गाणी चोरली. तेवढ्यावर थांबला नाही, निरोपाच्या पेल्याचा तोच प्रसंग, तेच शब्द स्वतःच्या सिनेमात घातले. त्या सिनेमामुळेच बिंग फुटतं. माज म्हणजे हाच.

रापणकार :
कातळ, स्कारचं खरं कोडं वेगळं आहे. त्याच्या राज्यात शिकार संपते, पाणी आटतं, कळप निघून जातात. सिंहिणी सांगतात की इथून हलायला हवं, तो ऐकत नाही. लोक म्हणतात, इतका मूर्ख राजा कसा असेल, स्वतःच उपाशी मरेल ना?

मी रापण ओढणाऱ्यांच्या घरातला. वाडीतली पन्नास-साठ माणसं दोन्हीकडून दोर धरून किनाऱ्यावर जाळं ओढतात, वाटे सगळ्यांना. लहानपणी पुळणीवर बांगड्याचा ढीग गुडघ्यापर्यंत पाहिलाय. आता खोलात दिवे लावून, मासा उजेडाला गोळा करून, लहानमोठा सगळा खेचतात. त्याला बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. जून-जुलैत मासेमारी बंद असते ती माशाला वाढायला मिळावं म्हणून, त्यातही लोक पळवाटा शोधतात. त्यांना पुढच्या वर्षी समुद्र रिकामा होणार हे कळत नाही असं नाही. कळतं. पण आजचा हप्ता आज भरायचा असतो आणि मी नाही ओढलं तर शेजारचा ओढेल हे माहीत असतं. स्कार मला अजिबात खोटा वाटला नाही.

पाणंद :
रापणकार, तुम्ही हयाओ मियाझाकींचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) बघाच. त्यातली एबोशी जंगल तोडते, लोखंड गाळते, रानदेवाचं डोकं उडवायला निघते. पण तिच्याच वस्तीत कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या बायका मानाने काम करतात, महारोग्यांना ती स्वतः सांभाळते. तिला दुष्ट म्हणायला जीभ रेटत नाही. तिथे खलनायकाच्या तर्कात फट शोधायला गेलो आणि तिचंच म्हणणं पटायला लागलं, मग तीन दिवस झोप नाही.

चौकट राजा :
मी आधी कीस काढू नका म्हणालो होतो, पण आता राहवत नाही. सगळ्यात मोठा प्लॉट होल आपल्याकडचा. आकाशवाणी झाली की आठवा मुलगा मारणार, तर कंसाने देवकी-वसुदेवाला एकाच कोठडीत का ठेवलं? पुतण्याने विचारलं, मी निरुत्तर.

ओहोटी :
चौकट राजा, आलात ना रस्त्यावर! याचं उत्तर भागवताच्या दशम स्कंधात आहे, माझ्या वडिलांनी सप्ताहात बऱ्याचदा सांगितलेलं. कंसाने सुरुवातीला कोठडीत टाकलेलंच नव्हतं. तो देवकीला जागीच मारायला निघाला होता, तेव्हा वसुदेवाने शब्द दिला की होणारं प्रत्येक मूल तुझ्या हवाली करीन. पहिलं मूल तो खरोखर घेऊन गेला. कंसाने ते परत दिलं, म्हणाला, माझं मरण आठव्यात आहे, याला ने. मग नारद येऊन गेले आणि कंसाच्या मनात संशय शिरला, तेव्हा बेड्या पडल्या. म्हणजे त्याला मुलं आपल्या नजरेखाली जन्मायला हवी होती. वेगळं ठेवलं असतं तर आठवा कुठे, कधी, कोणाचा, हे कायमचं टांगतं राहिलं असतं. सिनेमा-मालिकांत मधला भाग गाळतात आणि फट तयार होते.

कातळ :
हे माहीतच नव्हतं. म्हणजे बऱ्याच फटी कथेत नसतात, कापाकापीत पडतात.

तिरफळ :
आपल्या पुराणांत फट हीच कथा असते, हे कोणाच्या लक्षात आलंय का? हिरण्यकशिपूने दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको असा वर मागितला. उंबरठ्यावर संध्याकाळी काम झालं. रावणाने माणसापासून अभय मागितलंच नाही, माणूस त्याच्या खिजगणतीत नव्हता. भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर गेला. 'अलादीन'मधला (१९९२) जाफर हा सख्खा भस्मासुर. आधी सुलतान झाला, मग जादूगार झाला, तिसऱ्या इच्छेला अलादीनने डिवचल्यावर जिनी झाला. ताकद दिसली, दिव्यातला कैदखाना दिसला नाही. मोहिनीचं काम तिथे अलादीनने केलं.

धयकालो :
तिरफळ, जत्रेत भस्मासुर-मोहिनीचा नाच बघूक येवा. मोहिनी एकेक मुद्रा करता आणि तो नकळत तशीच करत जाता. शेवटचो हात वर जाता तेव्हा पोरां ओरडतत, "नको, नको!" सगळ्यांका शेवट ठावक असता.

कातळ :
'फ्रोझन' (२०१३) राहिलाच. हान्सला बारा थोरले भाऊ, गादीची आशा नाही, म्हणून राजकन्या ॲनाशी लग्न करून तिच्या बहिणीचा, बर्फाची जादू असलेल्या राणी एल्साचा, काटा काढायचा बेत. मग बर्फाच्या महालात एल्सावर बाण सुटत असताना त्याने धनुष्य वर का ढकललं?

ओहोटी :
तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, ॲना बेपत्ता. एल्सा तिथे मेली असती तर गादीवर त्याचा काय हक्क? आणि हिवाळा कोण हटवणार? तिथे त्याचं गणित बरोबर आहे. चुकतो तो पुढे. ॲना गारठून मरायला टेकलेली, हा शेकोटी विझवतो, दार लावतो आणि बाहेर जाऊन 'ती गेली' म्हणून रडतो. मेली का ते बघायला थांबत नाही. हिममानवाने गाजराच्या नाकाने कुलूप उघडलं आणि झालं.

आबोली :
त्याहून साधं होतं. जीव वाचावा म्हणून ॲनाने चुंबन मागितलंच होतं. द्यायचं, लागू पडलं नाही म्हणून सगळ्यांसमोर टाहो फोडायचा. कोणाला संशय आला नसता.

पण मला खरी सलणारी जागा दुसरी. पहिल्या भेटीनंतर ॲना निघून जाते, हान्स होडीसकट पाण्यात पडतो, डोकं वर काढतो आणि तिच्या दिशेने बघून मनापासून हसतो. तिथे कोणी नाही. तो सोंग करतोय तर कोणासाठी? ही मात्र सुरंगीच्या व्याख्येतली फट. एल्साच आधी खलनायिका व्हायची होती, 'लेट इट गो' हे गाणं तयार झाल्यावर कथा फिरली. मग दुष्टपणाची जागा कोणीतरी घ्यायला हवी होती.

दर्यावर्दी :
सुरंगीताईंच्या लेकीला अजून उत्तर मिळालेलं नाही, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. मी जहाजावर असतो, हा धागा दोन बंदरांत मिळून वाचला. 'मोआना'चे (२०१६) दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, म्हणजे 'द लिटल मर्मेड' आणि 'अलादीन'वालेच, हेही जाता जाता.

समुद्राने हृदय नेलं असतं तर दिलं कोणाला असतं? टे फिटीच्या जागी जाऊन बघा, तिथे कोणी नाही, नुसता खळगा आहे. ती स्वतःच टे का नावाची राक्षसीण होऊन आग ओकतेय. आणि टे का म्हणजे लाव्हा. तिला पाण्यात उतरता येत नाही, हे मोआना हेरते. म्हणजे इतकी वर्षं तिला अडवून धरणारा कोण, तर समुद्रच. तो कितीही प्रेमाने हृदय घेऊन गेला असता तरी तिच्या लेखी पाणी वैरी. शेवट आठवा. मोआना समुद्राला सांगते की तिला माझ्याकडे येऊ दे, आणि समुद्र दुभंगतो. हृदय पोचवणं समुद्राला जमलं असतं. पण 'ही आग म्हणजेच ती आई' हे ओळखणं आणि समुद्राला 'तू बाजूला हो' म्हणून सांगणं, याला तिसरं कोणीतरी लागतं.

रापणकार :
दर्यावर्दी, पटलं. खऱ्या समुद्राला नियम नाहीत असं नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी किती चढेल आणि उधाणात किती, ठरलेलं असतं. सिनेमातला समुद्र मात्र मन मानेल तेव्हा मदत करतो, तुफानात तिची होडी उलटू देतो, मग नेमकं मावीच्याच बेटावर नेऊन टाकतो. तिथे थोडी सूट घेतलीय.

तिरफळ :
होडी उलटली म्हणून तर ती शिकली. हात ताऱ्यांवर धरून मोजायचं, पाण्यात हात घालून प्रवाह ओळखायचा. तिला होड्या गुहेत लपवलेल्या मिळाल्या, विद्या मिळाली नव्हती.

दर्यावर्दी :
तेच. माझ्या आजोबांना किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की खडक कुठे ते कळायचं. मला उपग्रह सांगतो. आजोबांच्या खुणा कोणी लिहून ठेवल्या नाहीत, त्या त्यांच्याबरोबर गेल्या.

सुरंगी :
सगळ्यांचे मनापासून आभार. दर्यावर्दींचा प्रतिसाद काल रात्री लेकीला वाचून दाखवला. तिने लक्ष देऊन ऐकलं, मध्ये मला थांबवून "समुद्र वैरी होता" हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तिचं नावच बघ ना आई. ते का? ती विचारत होती, माझं हृदय नेलं ते का?" मी हे मुद्दाम तिच्या शब्दांत लिहितेय.

सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "समुद्र काही ठेवून घेत नाही गो. ज्याचं त्याला आणून टाकतो, पण किनाऱ्यापर्यंतच. पुढे उचलायचं ते आपण." त्यांना दर्यावर्दींचं उत्तर मी अजून सांगितलेलं नव्हतं.

दिवा मालवला, मच्छरदाणी खोचली. वाटलं, झालं समाधान. तर अंधारात आवाज आला: "आई, पण मावी ते हृदय चोरून होता तिथून निघाला, तेव्हा समुद्र काय करत होता?"

दर्यावर्दी, पुढचं बंदर कधी?